एमटीबीचा पुढचा फोर्क बदलू का? उतारावर हात पार बधिर होतात (सोलापूर)

मुरूमवाला:
नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापूरचा. साडेसत्तावीस इंची चाकांची हार्डटेल (फक्त पुढं सस्पेंशन असलेली एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल) आहे, सेकंडहँड घेतलेली, पुढं १०० एमएम दबणारा कॉइल फोर्क (पुढचं चाक धरणारा, स्प्रिंगवर दणके खाणारा भाग). रविवारी सकाळी हिप्परगा तलावाच्या बाजूचे कच्चे रस्ते नाहीतर तुळजापूर घाटाच्या आसपास मुरमाड उतार शोधत फिरतो. झालंय असं की फोर्क दबतच नाही, आणि दबलाच तर करकर वाजायलाय, खाली येईपर्यंत हात बधिर. दुकानदार म्हणतो स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा एअर फोर्क टाका, पण त्याची किंमत माझ्या सायकलीच्या निम्मी व्हायलीय. वजन माझं ८०, टायर २.१ चे, हवा ५५ पीएसआय. घरी ॲलन कीचा सेट, पाने, रबरी हातोडी आहे, काम करायची तयारी पण आहे. काय करू?

ग्रीसचा_डबा:
५५?? ओ भाऊ, ते टायर आहे का दगड. आधी पुढं ३० आणि मागं ३३-३४ वर आणा आणि मग फिरून बघा, अर्धे दणके तिथंच जातील. ट्यूब आहे म्हणून फार खाली जाऊ नका, नाहीतर दगडावर रिम आपटून ट्यूबला दोन भोकं पडतात, सापाने चावल्यासारखी.

दुसरं, फोर्कवरचा प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा) नॉब पूर्ण घट्ट फिरवलेला आहे का ते बघा. लोकांना वाटतं तो सैल केला की स्प्रिंग मऊ होते, तसं काही नसतं, स्प्रिंग तेवढीच कडक राहते, फक्त सुरुवातीला किती बसेल ते बदलतं. वरच्या चकचकीत नळीला सीलला (नळी आत शिरते तिथल्या रबरी कड्याला) टेकून एक झिपटाय बांधा, कुणाला तरी सायकल धरायला सांगा, हळूच चढून पॅडलवर उभे राहा, उतरा आणि झिपटाय किती सरकला ते मोजा. १०० एमएमच्या फोर्कला २० ते २५ एमएम पाहिजे.

सह्याद्री_पॅडल:
पुण्याहून. फोर्क घ्यायचाच ठरवलात तर ऑर्डर करायच्या आधी हेडट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या, फोर्क जिच्यात बसतो त्या नळीचा) आतला व्यास मोजा, आतले बेअरिंगचे कप काढून. ३४ एमएम असेल तर सरळ १ १/८ इंचीवालाच स्टीअरर (फोर्कची वरची दांडी) बसेल, आणि हल्ली चांगले एअर फोर्क बहुतेक टेपर्ड (खाली जाड होत जाणाऱ्या स्टीअररचे) येतात. ४४ असेल तर खालचा कप बाहेरचा लावून टेपर्ड बसवता येतो. ॲक्सल पण बघा, तुमचं चाक साध्या ९ एमएम क्विक रिलीजचं असणार आणि नवा फोर्क १५ एमएम थ्रू ॲक्सलचा (चाकातून आरपार जाणाऱ्या जाड दांडीचा) निघाला तर हब किंवा अख्खं चाकच बदलावं लागेल, मग बजेट कुठल्या कुठं जातं. आणि १०० च्या जागी १२० टाकायचा मोह टाळा, हेड अँगल (हेडट्यूबचा कोन) साधारण एक अंशाने पडतो, चढाला पुढचं चाक भरकटतं.

बाभूळबन:
मी सोलापूरचाच आहे बे, आणि माझं मत थोडं उलटं. एअर फोर्क मस्त गोष्ट आहे, वजन कमी होतं, आणि आपल्या वजनाप्रमाणे हवा भरून सेट होतो, कॉइलला ते जमत नाही. फक्त शॉक पंप वेगळा घ्यावा लागतो, फ्लोअर पंपाने नाही चालत. आणि इथल्या उन्हाचं ध्यानात ठेवा, सकाळी पंचवीस डिग्रीला १०० पीएसआय भरला तर दुपारी ४३ ला तो सहा-सात पीएसआय आपोआप वाढतो, मग उगं फोर्क कडक झाला म्हणून बोंबलू नका.

पण पैसे पहिल्यांदा कशात घालायचे म्हणाल तर ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले) टायर. वेड्या बाभळीचे काटे इथं जागोजागी. टायरमधलं सीलंट (भोक बुजवणारं द्रव) आपल्याकडं लवकर वाळतं म्हणून दोन-तीन महिन्यांनी टॉपअप. रिम ट्यूबलेसला चालणारी आहे का ते आधी बघा.

मुरूमवाला:
मोजलं. हेडट्यूब ३४, क्विक रिलीज. झिपटाय फक्त ८ एमएम सरकला. नॉब पूर्ण घट्टच होता, सैल केला तर १२. करकर आहेच.

ग्रीसचा_डबा:
मग आत कोरडा आहे, धूळ बसलीय. तळाचे दोन बोल्ट तीन-चार आटे सैल करा, पूर्ण काढू नका, बोल्टच्या डोक्यावर रबरी हातोडीने ठोका म्हणजे आतली दांडी सुटेल, मग बोल्ट काढून खालचे पाय ओढा. बुशिंग (नळी ज्यातून सरकते ती आतली कडी), सील कापडाने नीट पुसा, नळीवर गंज दिसला तर बारीक घासून घ्या, आणि सस्पेंशनचं ग्रीस लावा, गाडीचं चेसिस ग्रीस नको, सील फुगतं. ब्रेकच्या डिस्कला हात लावू नका बरं का, ग्रीसचे डाग लागले की ब्रेक किंचाळतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत बसावं लागतं.

बाभूळबन:
आणि पावसानंतर काळ्या मातीत अजिबात घालू नका राव, चाक आणि फोर्कच्या मधल्या जागेत अशी ठासून बसते की चाक फिरायचं बंद. सायकल धुताना प्रेशरचा पाइप सीलवर आणि हबवर मारू नका, आतलं ग्रीस जातं.

सह्याद्री_पॅडल:
३४ ला टेपर्ड बसणार नाही. सरळ स्टीअरर आणि क्विक रिलीजवाला एअर फोर्क मिळतो, पण शोधावा लागेल. ग्रीस करून, ३० पीएसआयवर फिरून मग ठरवा. चेन चेकर (चेन किती झिजली ते मोजायचं साधन) आहे का? सेकंडहँड सायकल आहे म्हणून विचारते, झीज ०.७५ टक्क्याला पोचली असेल तर पहिले चेन बदला, नाहीतर कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा) पण जाईल.