सांगणाऱ्यामागं आणखी एक सांगणारा : कादंबरीत ही उतरंड कशाला?

रंकाळाकाठ :
रविवारी आम्ही चौघं-पाचजण मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'वर (१८१८) भांडत बसलो होतो. उत्तर ध्रुवाकडं निघालेला वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो, त्यात व्हिक्टर आपली कहाणी सांगतो, तिच्या पोटात त्यानं घडवलेला राक्षस आपली सांगतो. माझ्या मते ही जुन्या लेखकांची भीती. लोक खोटं म्हणतील, म्हणून साक्षीदार उभा करायचा. आणि दुसऱ्याचं बोलणं पत्रात पानंच्या पानं, शब्दन्‌शब्द? थेट सांगा की!

खासबागवाला :
भावा, शेवट परत वाच. वॉल्टन टिपणं काढतोय म्हटल्यावर व्हिक्टर ती मागून घेतो आणि स्वतः दुरुस्त करतो, भर घालतो. नुसता साक्षीदार हवा असता तर जबानी आरोपीच्या हातात कशाला दिली असती? शिवाय मरायला टेकलेला व्हिक्टर खलाशांना मागं फिरू नका म्हणून भाषण ठोकतो. स्वतःच्या गोष्टीतून तो काही शिकलेला नाही. जहाज वळवतो वॉल्टन, तेही मनाविरुद्ध. ऐकणारा काढलास तर हे दिसणार कुठं?

आमचा आजा खासबागेतली एक कुस्ती सांगायचा, वस्तादांकडून ऐकलेली. दर दिवाळीला त्यातला पैलवान दोन बोटं उंच व्हायचा. आम्ही पोरं कुस्तीपेक्षा आज्याकडंच बघत असायचो.

रंकाळाकाठ :
टिपणांचं विसरलो होतो, मान्य. पण बाकीचे? वाड्याच्या माळ्यावर पत्रांचा गठ्ठा सापडतो आणि दहाव्या पानानंतर लेखकालाच त्याची आठवण राहत नाही.

करवीरकाकू :
गठ्ठ्याचं तुझं बरोबर आहे रे. पण महाभारत बघ. नैमिषारण्यात सौती शौनकादी ऋषींना सांगतो ते वैशंपायनानं जनमेजयाला सांगितलेलं. जनमेजय कोण? अर्जुनाचा पणतू. बापाला तक्षक डसला म्हणून सापांचं कूळ जाळायला बसलाय आणि तिथंच स्वतःच्या कुळाचा संहार ऐकतोय. युद्धाचंही तेच. संजय येऊन आधी भीष्म पडल्याचं सांगतो, मग धृतराष्ट्र विचारतो, कसे पडले? निकाल कळल्यावर बाप ऐकत बसतो. याला तू साक्षीदार म्हणणार?

आजरेकर :
काकू, तुमच्याशी भांडायची हिंमत नाही, तरी बोलतो. आमच्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण असे सगळे बोलते केले. कुणी कुणाच्या पोटात नाही. ही उतरंड नव्हे, पंगत. प्रत्येकजण वाचकाशी थेट बोलतो, काही अडत नाही.

खासबागवाला :
अडतं की. कर्णाला स्वतःचं मरण सांगता येत नाही, शेवटाला कृष्णाला बोलवावंच लागलं.

आजरेकर :
बोलवला, पण शेजारी बसवला. डोक्यावर नाही.

करवीरकाकू :
पंगतीत एकाचं दुसऱ्याला ऐकू जात नाही, हा फरक. धृतराष्ट्राला ऐकावं लागतं.

रंकाळाकाठ :
गठ्ठ्यावर मी ठाम आहे. बाकीचं परत वाचून बोलतो. खासबागवाले, तो पैलवान शेवटी जिंकला का?

खासबागवाला :
आजा म्हणायचा, चितपट केला. वस्तादांचा मुलगा म्हणतो, बरोबरीत सोडवली.