'उपद्रव'ला सोपा शब्द काय?

तिठा
आमच्या वॉर्डातल्या बागेची नियमांची पाटी गंजलीय, नवी करायचीय. मजकूर सोपा करून देण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिलंच कलम: 'उद्यानात उपद्रव निर्माण करणाऱ्या इसमांवर दंडात्मक कारवाई करण्यात येईल.' उद्यानाची बाग करीन, इसमाचंही बघते. अडले 'उपद्रव'पाशी. पाटीखालच्या बाकावरच्या आजोबांना विचारलं, तर म्हणाले, "डासांबद्दल असेल गं." 'त्रास' चालेल का?

मुळाक्षर
'त्रास' फार सैल आहे. कुणी मोठ्यानं शिंकलं तरी शेजारच्याला त्रास होतो. उपद्रवात 'द्रु' म्हणजे धावणे हा धातू आहे. अंगावर चालून येतो तो उपद्रव. आयुर्वेदात मूळ रोगामागून उद्भवणाऱ्या विकारालाही उपद्रव म्हणतात. बोलण्यात मात्र तो उंदीर, माकडं आणि पुढाऱ्यांच्या 'उपद्रवमूल्या'पुरता उरला. कायद्यात तोच 'न्यूसन्स'साठी योजला, म्हणून थुंकण्यापासून घाण करण्यापर्यंत सगळं त्याच्या पोटात.

जाता जाता: इसम मूळ अरबी, अर्थ 'नाव'. आणि आपण 'अनोळखी इसम' म्हणतो!

संत्राबर्फी
नागपुरात महापालिकेचं 'उपद्रव शोध पथक'च आहे. त्यामुळे इकडे उपद्रव म्हटलं की लोकांना डास नाही, पावतीपुस्तक आठवतं.

चौथा जिना
आमच्या सोसायटीच्या सूचनेत एकदा 'उपद्व्याप करणाऱ्यांवर कारवाई' असं छापून आलं होतं. उपद्व्याप म्हणजे नसत्या उठाठेवी. त्या हिशेबानं पहिला दंड कमिटीलाच बसला असता.

मुळाक्षर
तिठा, सोपा प्रतिशब्द शोधूच नका. शब्द काढा आणि कृती लिहा. मुंबईच्या 2006च्या स्वच्छता उपविधींतही (म्हणजे पालिकेच्या नियमांतही) थुंकणं, लघवी करणं असे प्रकार वेगवेगळे मांडून प्रत्येकापुढे दंड लिहिलाय. थुंकण्याला तेव्हा 200 रुपये होते. 'थुंकू नका. दंड इतका.' एवढं वाचल्यावर कोण डासांकडे बघेल?

चौथा जिना
पण 'थुंकू नका' की 'थुंकू नये'? सरकारी पाटीला 'नये'च शोभतं.

मुळाक्षर
शोभतं, पण लागू कुणाला होतं? 'हिरवळीवर चालू नये' हे हिरवळीवर उभं राहून वाचणाऱ्यालाही सुविचार वाटतो. 'नका' म्हटलं की तो पाय मागे घेतो. कायद्याचं म्हणाल तर दंड उपविधीतून येतो, पाटीच्या क्रियापदातून नाही.

पेठेतला
सोपं म्हणजे दरवेळी नेमकं असतंच असं नाही हं. 'जैवविघटनशील'पेक्षा 'ओला कचरा' लाख पटीनं बरा, ते घरोघर रुजलंही. तरी आमच्याकडे करवंटीवरून रोज वाद. ठणठणीत कोरडी, पण टाकायची ओल्यात! त्यापेक्षा पुण्यातला 'राडारोडा' बघा. बांधकामाच्या विटामातीला गवंड्यापासून पालिकेच्या जाहीर निवेदनापर्यंत सगळे तेच म्हणतात. असा आयता शब्द असेल तर घडवायला जाऊ नये.

तिठा
पटलं. 'उपद्रव' काढला आणि त्या जागी चार ओळी आल्या: थुंकू नका. कचरा डब्यात टाका. फुलं तोडू नका. झाडाआड लघवी करू नका, शौचालय मागच्या फाटकापाशी आहे. रंगारी म्हणाला, "ताई, लघुशंका लिहू का? बरं दिसतं." म्हटलं, लघवीच लिहा, शंका नको.

आता शेवटचं कलम: 'मोकाट जनावरांस मज्जाव.' हे त्या जनावरांना कोण वाचून दाखवणार?

पेठेतला
'फाटक लावून घ्या.'