समुद्रशेवाळाला कर्करोगाचे 'औषध' कोणत्या आधारावर म्हणता?

गोदाकाठ :
तपकिरी समुद्रशेवाळातील फ्युकोइडान कर्करोगाच्या पेशी मारते, जपानी लोक शेवाळ रोज खातात म्हणून निरोगी राहतात आणि आपले डॉक्टर ही गोष्ट रुग्णांपासून लपवून ठेवतात, असे 'ओसाकावासी' यांनी काल लिहिले. त्यातला शेवटचा आरोप वाचून गप्प बसवेना.

फ्युकोइडान रसायनशास्त्राला १९१३ पासून ठाऊक आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर ते घातले की पेशी मरतात, हे अनेकांनी दाखवले आहे आणि ते मी नाकारत नाही. परंतु हा सल्फेटयुक्त शर्करांचा अवाढव्य रेणू आहे; तो तोंडाने घेतला तर रक्तात फारच थोडा पोहोचतो. शिवाय शेवाळाची जात, कापणीचा हंगाम आणि अर्क काढण्याची रीत बदलली की त्याची घडणही बदलते, त्यामुळे प्रयोगात वापरलेला पदार्थ आणि तुमच्या अर्काच्या बाटलीतला पदार्थ एकच आहे, हे कोण सांगणार?

माझ्या आईला थायरॉइडचा कर्करोग होता. रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, देण्याआधी कमी आयोडीनचा आहार घ्यायचा असतो, कारण थायरॉइडच्या पेशी साध्या आयोडीनने भरलेल्या असल्या तर किरणोत्सारी आयोडीन त्या पुरेसे शोषून घेत नाहीत. एका नातेवाइकाने मायेने दिलेली, आयोडीनयुक्त शेवाळाची पावडर आई त्या काळात रोज ताकातून घेत होती, आणि तिचा उपचार पुढे ढकलावा लागला. ते आठवडे आम्ही कसे काढले, ते आमचे आम्हाला माहीत.

ओसाकावासी :
आपल्या आईंविषयी वाचून वाईट वाटले, पण आपण विषय बदललात. मी फ्युकोइडानविषयी लिहिले आणि आपण आयोडीनकडे वळलात. कोम्बू आणि मोझुकू ही दोन्ही जपानी तपकिरी शेवाळेच, पण कोम्बूची अख्खी पावडर आणि मोझुकूपासून काढलेला फ्युकोइडानचा शुद्ध अर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माझ्या बाबांना फुप्फुसाचा कर्करोग होता; केमोच्या काळात त्यांनी हा अर्क घेतला आणि अखेरच्या महिन्यापर्यंत ते स्वतः चालत बाल्कनीत जाऊन बसत. आपल्या आईंचा अनुभव पुरावा ठरतो आणि माझ्या बाबांचा अनुभव भाबडेपणा ठरतो, हा कोणता न्याय? समुद्रातून औषधे येतच नाहीत, असे तर आपण म्हणणार नाही ना? स्तनाच्या कर्करोगावरचे एरिब्युलिन जपानच्या किनाऱ्यावरील प्राण्यातूनच आले.

दर्यावर्दी :
तो प्राणी म्हणजे स्पंज. त्याचा शेवाळाशी संबंध नाही. १९८६ मध्ये त्यातील रेणूची रचना कळली, मग रसायनतज्ज्ञांनी त्याचे सुटसुटीत रूप कृत्रिमरीत्या घडवले, रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि २०१० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते शिरेतून, मोजून देतात. आपण दिलेले उदाहरण आपल्याच विरोधात जाते.

आयोडीनचा मुद्दा मात्र सोडू नका, कारण खरा धोका तिथेच आहे. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते, आणि सुक्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्येच त्याच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त असू शकते. जपानमध्येच ५०,००० हून अधिक स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जवळजवळ रोज शेवाळ खाणाऱ्या, रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांमध्ये थायरॉइडच्या 'पॅपिलरी' प्रकारच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला. 'जपानी लोक रोज खातात' हे वाक्य लिहिण्याआधी आपण एवढे तरी वाचायला हवे होते.

ओसाकावासी :
मी अडाणी आहे, असे सुचवायची गरज नव्हती. कोरियातील २०१० चा अभ्यासही वाचा : तिथे गिम, म्हणजे जपानी ज्याला नोरी म्हणतात ते, जास्त खाणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग कमी आढळला होता. तो आपण सोयीने वगळलात.

गोदाकाठ :
त्याच अभ्यासात मियोक, म्हणजे वाकामे, खाण्याचा असा कोणताही संबंध दिसला नाही. आणि फ्युकोइडान असते ते वाकामेत, नोरीत नव्हे. आजारी आणि निरोगी स्त्रियांना मागचा आहार आठवायला सांगून केलेली ती तुलना होती, त्यामुळे गिम खाणाऱ्यांच्या ताटात आणखी काय होते, हा प्रश्न उरतोच. तरीही शुद्ध अर्क आणि अख्खी पावडर यांत फरक आहे, हे आपले म्हणणे मला मान्य करावे लागते; आईला जे भोवले ते पावडरीमुळे. आपल्या बाबांना अर्काने अपाय झाला असेही मी म्हणत नाही. पण आपण ज्यांना तो घ्यायला सांगता, त्यांतील कोणी रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर? फ्युकोइडानचा गुण हेपॅरिन या औषधासारखा, रक्त गोठू न देण्याचा आहे. बाबांच्या ऑन्कोलॉजिस्टना आपण अर्काविषयी सांगितले होते का?

ओसाकावासी :
नव्हते सांगितले. ते बंद करायला लावतील, अशी भीती वाटली. डॉक्टर लपवतात हे वाक्य मी मागे घेतो. बाकीच्या मतावर ठाम आहे. सध्या माझ्या मावशीचे उपचार चालू आहेत आणि तिलाही मी हाच अर्क पाठवला आहे. बाटलीवर आयोडीनचे प्रमाण छापलेले नाही, हे आत्ता पाहिले. तिला आज फोन करून बाटली डॉक्टरांना दाखवायला सांगतो.