विषय: गोव्यात डोंगराकडे घर घ्यायचंय, कुठला गाव बघू?

मीनल:

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या जेवणात बोलणं निघालं होतं त्यावरून लिहितेय. निवृत्तीनंतर थंडीचे महिने गोव्यात काढायचं आम्हा दोघांच्या मनात आहे, समुद्राकडे नको, तिकडची गर्दी आणि भाव ऐकूनच घाम फुटतो, त्यापेक्षा सत्तरी तालुक्यात किंवा चोर्ला घाटाच्या रस्त्याला कुठेतरी. एजंटने केरीतला डोंगरउतारावरचा एक प्लॉट पाठवलाय, फोटोत धुकं काय, धबधबा काय, हे तर आत्ताच टोकन द्यायला निघाले होते. दोघांचेही पासपोर्ट कॅनडाचे, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळतं ते) आहे. त्या बाजूचं कुणी असेल तर सांगा ना.

वाळपईचे काका:

मीनल, टोकन देऊ नका, आधी एजंटला विचार केरी कुठली ते. गोव्यात केरी तीन, पेडण्यातली समुद्राकाठची, फोंड्यातली आणि आमच्या सत्तरीतली अंजुणे धरणाजवळची. धबधबा म्हणतेस म्हणजे आमचीच असणार.

फोटो पावसातला आहे. तीच जागा मे महिन्यात बघ, शेजारच्यांच्या विहिरीत पाणी किती उरतं ते त्यांनाच विचार. मग भर जुलैत ये. वाळपई आणि सांगे म्हणजे गोव्यातला सगळ्यात जास्त पावसाचा पट्टा, २०२१ च्या जुलैत म्हादईला पूर येऊन घरंच्या घरं गेली, सत्तरीत डोंगरही खचले. उतारावर घर म्हणजे डोंगर कापणं आलं आणि त्याला टाऊन प्लॅनिंगची वेगळी परवानगी लागते, कलम १७ए, ती एजंट सांगतो तशी सहज मिळत नाही आणि मिळूही नये असं माझं मत.

पण तुमचं गाडं त्याच्या आधीच अडणार. ओसीआयवाल्याला शेतजमीन, बागायत, फार्महाऊस विकत घेताच येत नाही, वारशाने आलं तर गोष्ट वेगळी. त्यात २०२३ पासून गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, शेतजमीन शेतकऱ्यालाच विकायची. ‘नंतर कन्व्हर्ट करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं. झोनिंगचा दाखला मागा, त्यात सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा झोन, लिहिलेलं हवं, आणि सनद, म्हणजे जमीन घरासाठी रूपांतरित केल्याचा दाखला, झालेली हवी.

आता आमच्या तालुक्याचं दुखणं सांगतो. इथे पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कितीतरी लोकांच्या नावावर जमीनच नाही. शेळ-मेळावलीत आयआयटीवरून लोक रस्त्यावर उतरले त्याच्या मुळाशी हेच होतं, जानेवारी २०२१ मध्ये सरकारला प्रकल्प तिथून काढावा लागला. त्यामुळे एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबाराच म्हण) हातात आला की फक्त मालकाचं नाव बघून खूश होऊ नका, कुळाचा रकाना आणि इतर हक्कांचा रकाना वाचा, आणि त्या जागेतले काजू कोण गोळा करतो ते वाड्यावर जाऊन विचारा. उताऱ्यात एक आणि काजूला दुसराच असला तर तिथे पैसे घालू नका.

सांग्याची ताई:

काकांनी घाबरवलंच की हो. सगळं खरं आहे पण आमच्या नेत्रावळीकडे येऊन बघा, सकाळी दार उघडलं की समोर डोंगर, अशी शांतता कुठे मिळायची नाही. फक्त वर्षातून थोडे महिने राहणाऱ्यांनी नीट विचार करा, बंद घराला पावसात बुरशी येते, कौलं माकडं फोडतात, गवे कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत शिरतात, आणि पावसात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही. बीपी-शुगर असेल तर गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं मोठं हॉस्पिटल, बांबोळीला आहे हे लक्षात ठेवा, रात्री दोन वाजता ते अंतर फार लांब वाटतं. आणि थंडीत येणार म्हणताय तर डिसेंबर ते मे माकडतापाचे दिवस, २०१५ साली सत्तरीत बरीच साथ होती, माणसं गेली, रानात फिरताना गोचिडींपासून जपायचं.

मीनल:

बाप रे. अजून एक, पश्चिम घाटाची ती इको-सेन्सिटिव्ह यादी, त्यात गाव आलं तर घर बांधताच येत नाही का? इथे एकजण छातीठोक सांगत होता.

वाळपईचे काका:

नाही गं. जुलै २०२४ चा मसुदा आहे, गोव्यातलं १,४६१ चौरस किलोमीटर त्यात आहे. त्यात बंदी आहे ती खाण, दगडाची क्वारी आणि वीस हजार चौरस मीटरच्या वरची मोठी बांधकामं यांना, साध्या घराला नाही. उलट शेजारी क्वारी सुरू होणार नाही हा तुमचाच फायदा. खरी भीती डिचोलीच्या बाजूला, खाणी २०२४ पासून परत सुरू झाल्यात, जागा बघाल तेव्हा खनिजाच्या ट्रकांचा रस्ता कुठून जातो ते आधी विचारा, लाल धुळीत तुळससुद्धा दिसत नाही.

माझं ऐकशील तर डोंगर थोडे बुटके चालवून घे आणि फोंड्याकडे बघ. सावई-वेरे, बेतकी, प्रियोळ, नाहीतर ती दुसरी केरी. कुळागरं आहेत, देवळं आहेत, उत्सवात मराठी नाटकं होतात, फोंडा शहर जवळ, आणि वाड्यावर बाराही महिने माणसं राहतात म्हणून बंद घराकडे कुणाचं तरी लक्ष असतं. प्लॉट नको, सेटलमेंटमधलं उभं जुनं घर बघ.

मीनल:

काका, एजंटकडून झोनिंग मागवलं, ऑर्चर्ड, म्हणजे बागायतच निघालं!! ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. फोंड्याकडचं एक कौलारू घर नात्यातून कळलंय, मालक म्हणतो माझ्या एकट्याच्या नावावर आहे, सही करून टाकतो.

वाळपईचे काका:

त्याच्या एकट्याच्या सहीवर चालत नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे, वेगळा करार नसेल तर लग्न झाल्यावर अर्धी मालकी बायकोची, दोघांची सही लागते. घर वडिलांकडून आलेलं असेल तर सगळे वारस, आणि त्यांचे नवरे-बायकासुद्धा, मग एखादी बहीण मुंबईत असो की लिस्बनला. मागच्या बाजूला कुणी मुंडकार, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा, ज्याला कायद्याने हक्क असतो असा, राहतो का तेही बघ. वकील फोंड्याचाच धर, आणि घर बघायला मे महिन्यातच ये, विहीर मी येऊन बघतो.