शब्दचर्चा : पाणाड्या, पायाळू, गुप्तधन आणि निखात निधी

विचारणा

इंग्लंडमधील ग्रामीण छंदांविषयीच्या एका लेखाचे मी मराठीत भाषांतर करत आहे. त्यात दोन छंदांचे वर्णन येते. एका छंदात माणसे मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या शेतांतून जुनी नाणी हुडकतात आणि दुसऱ्यात दुबेळकी काठी हातात धरून जमिनीखालचे पाणी सांगतात. आमच्या मोहोळ तालुक्यात पाणी सांगणाऱ्याला ‘पानाड्या’ म्हणतात. एका स्नेह्यांनी मात्र ‘पाणक्या’ सुचवले आहे. पहिल्या छंदासाठी ‘गुप्तधन शोधणे’ असे लिहिले तर चालेल का? जाणकारांनी अर्थ आणि लेखन या दोन्ही बाजूंनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

‘पाणाड्या’ हाच योग्य शब्द आहे. पाणक्या म्हणजे पाणी भरणारा किंवा वाहून आणणारा माणूस, पाणबुड्या म्हणजे पाण्यात बुडी मारणारा आणि पाणाड्या म्हणजे जमिनीखाली पाणी कोठे आहे ते सांगणारा. या तिघांची कामे वेगळी आहेत आणि मराठीने त्यांची नावेही वेगळी ठेवली आहेत. ‘पाणाडी’ हे त्याचेच दुसरे रूप. आपल्या भागात बोलताना ‘ण’चा ‘न’ होतो, त्यामुळे ‘पानाड्या’ हे लेखनही सर्रास दिसते. संवादात ते अवश्य ठेवावे, परंतु निवेदनात ‘पाणी’ हा मूळ शब्द डोळ्यांना दिसेल असे ‘पाणाड्या’ लिहावे, असे माझे मत आहे.

या शब्दाबरोबर येणारी क्रियापदेही जपायला हवीत. पाणाड्या पाणी ‘बघतो’ आणि ‘दाखवतो’, त्याने दाखवलेल्या जागेला आता सगळेच ‘पॉइंट’ म्हणतात, शेतकरी तेथे बोअर ‘घेतो’ किंवा ‘मारतो’ आणि नशीब असेल तर पाणी ‘लागते’. पाणी ‘सापडले’ असे शेतकरी सहसा म्हणत नाही. पाणी लागले नाही तर बोअर ‘कोरडा गेला’ किंवा ‘फेल गेला’ असे म्हणतात. ‘पाणी जोखणे’ हा प्रयोग मात्र येथे टाळावा, कारण त्याचा रूढ अर्थ एखाद्याची कुवत ओळखणे असा आहे. विहिरीची खोली जुनी माणसे अजूनही ‘परसां’त, म्हणजे माणसाच्या उंचीवरून ठरलेल्या मापात, सांगतात, बोअरची खोली मात्र फुटांत मोजली जाते.

या ‘परस’ शब्दाजवळ थोडे थांबावेसे वाटते. तो ‘पुरुष’ या शब्दावरून आलेला आहे आणि सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘दकार्गल’ नावाचे जे भूजलविषयक प्रकरण आहे, त्यातही खोलीचे माप ‘पुरुष’ हेच आहे. दक म्हणजे उदक. माणसाच्या अंगात जशा शिरा असतात तशाच पृथ्वीच्या पोटातही वरखाली शिरा असतात, अशी कल्पना त्या प्रकरणाच्या आरंभी मांडलेली असून जांभळाचे झाड, वेत, वारूळ, मातीचा आणि दगडाचा रंग अशा खुणांवरून कोणत्या दिशेला किती हातांवर आणि किती पुरुष खोल पाणी लागेल, हे श्लोकाश्लोकांत सांगितले आहे. त्यातील प्रत्येक विधान आज खरे ठरेल असे नाही. परंतु तेथे भर आहे तो निरीक्षणावर, आणि हातातल्या काठीच्या हालचालीवर पाणी सांगणे ही त्याहून निराळी गोष्ट आहे. त्यामुळे आजच्या पाणाड्याला सरसकट ‘दकार्गल जाणणारा’ म्हणणे मला योग्य वाटत नाही.

पाणाड्यांच्या रीती अनेक आहेत. कोणी कडुलिंबाची किंवा जांभळाची बेचकी दोन्ही मुठींत धरून चालतो, कोणी तांब्याच्या काटकोनात वाकवलेल्या दोन तारा धरतो, तर कोणी तळहातावर नारळ आडवा ठेवतो आणि तो उभा राहिला की पाणी आहे असे सांगतो. बेचकी वळते ती धरणाऱ्याच्या स्नायूंच्या नकळत होणाऱ्या हालचालीमुळे, हे स्पष्टीकरण इंग्रज शरीरशास्त्रज्ञ विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच दिले होते. म्हणून पाणाड्या लबाडच असतो असे म्हणण्याचे कारण नाही. काठी आपोआप वळली असे त्याला मनापासून वाटत असते. सोलापूरची जमीन काळ्या बसाल्टच्या थरांची आहे. पाणी मुरते ते झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांमधल्या सांध्यांत. त्यामुळे एका बांधावर बोअर कोरडा जातो आणि शेजारच्या बांधावर भरपूर पाणी लागते, हे येथे नेहमीचेच आहे. अशा जमिनीत अंदाजही पुष्कळदा बरोबर येतात आणि बरोबर आलेला अंदाजच गावाच्या लक्षात राहतो.

आता आपल्या भाषांतराच्या अडचणीकडे येतो. इंग्लंडमध्ये जो छंद आहे, तो सोलापूर जिल्ह्यात छंद नाही. सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने पाणाड्याला बोलावले, तर त्याच्यामागे कर्ज असते, जळत चाललेली डाळिंबाची बाग असते आणि बोअरच्या गाडीचे भाडे असते. म्हणून ‘पाणाड्या’ हा शब्द वापरताना ‘छंद म्हणून पाणी बघणारे’ असे स्पष्ट लिहावे, अन्यथा आपल्या वाचकाच्या मनात पैसे घेऊन पाणी दाखवणारा माणूस उभा राहील. याच कारणाने प्रतिरोधमापनाने, म्हणजे जमिनीचा विजेला होणारा अडथळा मोजून, खडकाची चाचणी घेणाऱ्या भूवैज्ञानिकाला पाणाड्या म्हणू नये आणि पाणाड्याच्या फलकावर ‘भूजलतज्ज्ञ’ असे लिहू नये. या दोन शब्दांची गल्लत झाली की तिची किंमत शेतकरी मोजतो.

पुरवणी (अक्कलकोटहून)

वरील विवेचनात ‘पायाळू’ हा शब्द राहिला आहे. आपल्या दोन्ही छंदांना जोडणारा मराठी शब्द तोच आहे. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू. अशा माणसाला जमिनीखालचे पाणी कळते आणि त्याच्या डोळ्यांत अंजन घातले की पुरलेले धनही दिसते, अशी समजूत महाराष्ट्रभर होती. युरोपातही ही सांगड जुनी आहे. जॉर्जियस अग्रिकोला यांच्या १५५६ साली प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथात बेचकी येते ती पाण्यासाठी नव्हे, तर धातूच्या शिरा शोधण्यासाठी. आणि खऱ्या खाणकामगाराने काठीवर विसंबू नये, जमिनीवरील खुणा ओळखाव्यात, असेच त्यांचे म्हणणे आहे.

पायाळू मुलांविषयीची ही समजूत अनेकदा फार क्रूर वळणाला गेली आहे. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तू, गुप्तधन आणि जलस्रोत यांच्या शोधाच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्ये एकाच कलमात आली आहेत. त्या कलमाचा रोख अमानुष कृत्यांवर आहे. नुसती काठी धरून चालण्यावर नाही. परंतु ‘गुप्तधन’ हा शब्द कानावर पडताच आपल्याकडे मांत्रिक, अमावास्या आणि पोलीस ठाणे आठवते, आणि सकाळी शेतमालकाची परवानगी काढून, हेडफोन लावून नाणी शोधणाऱ्या इंग्रज माणसासाठी तो वापरणे त्याच्यावर अन्याय करणारे होईल. त्याच्यासाठी ‘धातुशोध’ लिहावे.

पुन्हा पहिला प्रतिसाद

पुरवणीशी मी पूर्ण सहमत आहे. ‘धातुशोधक’ हा शब्द यंत्राचा की माणसाचा, असा गोंधळ होऊ शकतो, म्हणून यंत्राला ‘धातुशोधक यंत्र’ किंवा सरळ ‘मेटल डिटेक्टर’ म्हणावे. वारीच्या बंदोबस्तामुळे तो शब्द पंढरपुरात सर्वांना माहीत आहे. यंत्राच्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्याने जमिनीतील धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे ‘भोवरी प्रवाह’ निर्माण होतात आणि त्यांचे चुंबकीय क्षेत्र यंत्राला जाणवते. काठीच्या बाबतीत असे काही मोजता येत नाही, हा फरक भाषांतरात पुसला जाऊ नये.

सापडलेल्या वस्तूसाठी कायद्याचा शब्द ‘निखात निधी’ असा आहे. निखात म्हणजे पुरलेला. १८७८ च्या भारतीय निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा असा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. इंग्लंडमध्ये १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि तेथे चौदा दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवायचे असते. हॉक्सन गावी १९९२ मध्ये शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधताना रोमन काळातील सुमारे १५ हजार नाणी सापडली, तेव्हा शोधणाऱ्याने फार न उकरता कळवले आणि पुरातत्त्वज्ञांना तो ठेवा जागच्या जागी उकरता आला. आपल्या लेखात हा प्रसंग आला असेल, तर ‘त्याला हंडा लागला’ असे लिहू नये. ‘हंडा लागणे’, ‘घबाड हाती लागणे’ या प्रयोगांत धन लागणाऱ्याचे झाले, हे गृहीत असते. येथे ‘निखात निधी सापडला’ असे लिहावे आणि पाण्यासाठी मात्र ‘लागणे’ हेच क्रियापद ठेवावे.