एप्रिलचं बिल ३३८ युनिट. एसी घ्यावा की कूलरवरच भागवावं? (भुसावळ)

प्रश्न – भुसावळची ताई

नमस्कार मंडळी. आम्ही भुसावळला तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर थेट स्लॅब. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. फेब्रुवारीत १४० युनिट आले होते, एप्रिलमध्ये ३३८. कूलर सकाळी दहाला लागतो तो पहाटे चारला बंद होतो. तरी संध्याकाळनंतर खोलीत अंग चिकचिक करतं. रात्री दोनला उठून बघावं तर सासूबाई ओला टॉवेल मानेवर घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. मला ते बघवत नाही.

घरात दीड टनाचा एसी हप्त्याने घ्यायचं चाललंय. मला बिलाची धास्ती आहेच, पण आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. आपण बटण दाबतो तेव्हा तिथे कोळसा जळतो, हे रोज डोळ्यासमोर असतं. गरज नसताना वीज जाळायला मन घेत नाही.

दुसरं, मी नोकरीला जळगावला स्कूटरने जाते. येऊन-जाऊन ५० किलोमीटर, महिन्याला २८ लिटरच्या आसपास पेट्रोल. यात काही कमी करता येईल का?

जुना वायरमन, अमळनेर

ताई, एसीचं नंतर बघू. आधी सांगा, कूलर ठेवलाय कुठे? आणि तो चालू असताना समोरची खिडकी उघडी असते का?

भुसावळची ताई

कूलर खोलीत, स्टुलावर. खिडक्या बंद. गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून.

जुना वायरमन, अमळनेर

तिथेच चुकतंय. मी निम्मं आयुष्य लोकांच्या घरात पंखे-कूलर जोडण्यात घालवलं, दहातल्या सहा घरांत हेच बघितलं.

कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ करून. वाफ व्हायला उष्णता लागते, ती हवेतून खेचली जाते. आपल्याकडे एप्रिल-मेची हवा हाडासारखी कोरडी, म्हणून खान्देशात कूलर जेवढं काम करतो तेवढं मुंबईत कधीच करणार नाही. पण खोली बंद ठेवली की तीच ओली हवा पुन्हा पुन्हा कूलरच्या जाळीतल्या ओल्या गवतातून फिरते. तासाभरात तिच्यात आणखी पाणी मावत नाही. मग गारवा संपतो, चिकचिक उरते, आणि कूलर वीज खात राहतो. त्याला खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवा, शक्यतो सावलीच्या बाजूला, आणि समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेलीच पाहिजे.

आता गवत काढून बघा. बोअरचं पाणी असेल तर त्यावर पांढरी खरपुडी धरली असेल, बोटाने दाबली की कडकड तुटते. तिथून ना पाणी झिरपत, ना हवा येत. गवत बदला, फार महाग नसतं. टाकीतलं पाणी आठवड्यातून दोनदा पूर्ण काढा, नाहीतर क्षार साचत जातात. काढलेलं पाणी फरशीला वापरा.

तुमच्या युनिटांचा हिशोब मांडतो. कूलर पंपासकट २०० वॅट धरा, १८ तास म्हणजे रोज ३.६ युनिट. साधा पंखा ७५ वॅटचा. तीन पंखे मिळून दिवसाचे ४० तास चालत असतील तर ३ युनिट. फ्रिज २. दिवे, टीव्ही, इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर मिळून अडीचच्या वर. झाले रोजचे ११ युनिट. दीड टनाचा एसी तासाला सव्वा युनिट धरला आणि रात्री आठ तास चालवला तरी रोज १० युनिट वाढतात, म्हणजे बिल दुप्पट. त्यात घरगुती दर टप्प्यांनी चढतो: १०० पर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. तुमचे वरचे ३८ युनिट आत्ताच महागाच्या टप्प्यात गेलेत. आधी ३०० च्या खाली या.

त्यासाठी जास्त चालणारा पंखा बीएलडीसीचा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा घ्या. पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास घेतो. वीस तास चालणाऱ्या एका पंख्यावर महिन्याला २७ युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही. दिवसातून दोन तास चालणारा पंखा बदलून पैसे निघायला वर्षानुवर्षं लागतील. आणि फ्रिज गॅसच्या शेजारी असेल तर हलवा, मागे वीतभर जागा सोडा.

केळीवाली, यावल

वायरमनदादांचं बरोबर आहे, पण ताई, तुमचा खरा वैरी स्लॅब आहे. दिवसभर तापतो आणि रात्रभर ती आग खोलीत सोडतो. माझ्या माहेरी धाब्याचं घर होतं, वर पांढऱ्या मातीचं छप्पर. भर वैशाखात दुपारी आत गोधडीवर पडलं की डोळा लागायचा. ते घर पाडून स्लॅब टाकला त्या वर्षी आई म्हणाली, घर मोठं झालं पण सावली गेली.

आम्ही दरवर्षी होळी झाली की गच्चीला चुन्याचे दोन हात देतो. चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, चिकटायला थोडा डिंक घालायचा, आणि कुंच्याने आडवा-उभा मारायचा. काम सकाळी सातच्या आत उरकायचं, डोळ्यांना जपायचं. पहिल्या वर्षी मी मुद्दाम अर्धी गच्ची सोडली होती. दुपारी दोनला पांढऱ्या भागावर अनवाणी उभी राहिले, पलीकडे एक पाऊल टाकलं आणि उडी मारून मागे आले. नवऱ्याला बोलावून त्यालाही उभं केलं.

शेतातल्या घरावर आम्ही बांबू आडवे टाकून कपाशीच्या पऱ्हाट्यांचा (वाळलेल्या काड्यांचा) मांडव करतो, स्लॅबपासून हातभर वर. ऊन वरच्या वर अडतं. शहरात मात्र करू नका, एक ठिणगी पुरते.

काहीजण संध्याकाळी गच्चीवर पाणी मारतात. जिथे नळाला आठ दिवसांनी पाणी येतं तिथे ते मला पटत नाही.

पासवाला, पाचोरा

जळगावच्या नोकरीसाठी मी रोज अप-डाऊन करतो. ताई, भुसावळ-जळगाव मधे स्टेशनं ती किती, आणि गाड्या भरपूर. महिन्याचा पास काढा. तुमच्या २८ लिटरच्या पैशांपुढे तो काहीच नाही. घर ते स्टेशन सायकल, जळगावला उतरून चालत किंवा शेअर रिक्षा. ज्या दिवशी गाडीचं जमणार नाही त्या दिवशी एसटी. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. मला पहिले पंधरा दिवस जड गेलं, वेळेचा अंदाज चुकायचा. आता डब्यातला आमचा कट्टा ठरलेला आहे. स्कूटर लागेल तेव्हा ४५-५० च्या वेगाने चालवा आणि उन्हाळ्यातही टायरची हवा पंधरा दिवसांनी बघा.

धुळेकर

गच्चीवर सोलर बसवायला पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत दर किलोवॉटला ३०,००० आणि ३ किलोवॉटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्या उन्हात १ किलोवॉटला रोज ४ युनिट धरून चाला. विचार करा.

जुना वायरमन, अमळनेर

गच्ची स्वतःची असेल तर जरूर. पण आधी वापर खाली आणा आणि मग पॅनल मोजा. ३३८ बघून लावाल तर नको तेवढे लावून बसाल.

भुसावळची ताई (जूनमध्ये)

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. गच्ची सोसायटीची, त्यामुळे सोलर सध्या नाही. चुन्यासाठी मात्र वरच्या मजल्यावरच्या चारही घरांनी पैसे काढले. कूलर खिडकीबाहेर गेला, गवत बदललं. जुन्या गवताची खरपुडी दादा म्हणाले तशीच कडकड तुटली. हॉल आणि सासूबाईंच्या खोलीतले पंखे बदलले, फ्रिज हॉलमध्ये आणला. मे महिना एप्रिलपेक्षा कडक असूनही रीडिंग २७१ आलं. कूलर आता रात्री अकराला बंद करतो, कारण पहाटे सासूबाई पांघरूण मागतात.

पास काढलाय. आठवड्यातले चार दिवस गाडीने जाते. शनिवारी उशीर होतो, तेव्हा स्कूटरच.

एक विचारायचं होतं. काल पहिला पाऊस झाला आणि खोली पुन्हा चिकचिक करायला लागली. आता कूलरचा पंप बंद करून नुसता त्याचा पंखा चालवला तर चालेल ना?

जुना वायरमन, अमळनेर

चालेल. आजच टाकी रिकामी करून कोरडी पुसा, डास होतात. गवत उन्हात वाळवून ठेवा.