प्रति: नाताळानंतर जर्मनीतले ख्रिसमस मार्केट

२६ डिसेंबरला पोहोचून बाजार बघायचा तुमचा बेत वाचला. तिकिटं काढली नसतील तर कृपया तारखा आधीच्या घ्या! हे बाजार बहुतेक ठिकाणी नाताळाच्या आधीच्या साधारण चार आठवड्यांचे असतात. न्यूरेंबर्ग आणि ड्रेस्डेन, दोन्हीकडचे मुख्य बाजार २४ तारखेलाच दुपारी आटोपतात.

एकच बघायचा असेल तर मी ड्रेस्डेन सुचवेन. १४३४ सालापासूनचा बाजार आहे. बेदाणे घातलेला, वरून पिठीसाखरेचा जाड थर दिलेला श्टोलन हा नाताळचा केक तिथेच खावा. शनिवार-रविवार मात्र टाळा, मुंगीला शिरायला जागा नसते.

तिथे शाकाहारी काय मिळेल, असंही विचारलंय. बटाटा किसून तळलेली गरमागरम धिरडी सफरचंदाच्या गोड गरासोबत मिळतात, कडेला कुरकुरीत, आत मऊ. फक्त कशात तळलीत ते विचारून घ्या. मुलांसाठी बिनदारूचं गरम पेय 'किंडरपुन्श' असतं. पेयाच्या मगासाठी अनामत घेतात, तो परत केला की पैसे मिळतात. आवडला तर ठेवून घ्या. सुटे युरो जवळ हवेतच.

आणि बूट जाड तळव्याचे घ्या. दगडी फरशीवर तासभर उभं राहिलं की थंडी पायातूनच चढते.